अडतीस मिनिटं

आधी एक सांगून टाकते. मी रागीट आहे हे शोधून काढायला यंत्राची गरज नव्हती. आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. दूधवाला मला ओळखून आहे, रिक्षावाले ओळखून आहेत, आणि नवरा तर इतका ओळखून होता की नऊ वर्षांपूर्वी नाशिकला बदली घेऊन गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा हे लिहितेय ते रागातच लिहितेय. थंड झाल्यावर वाचून सौम्य वगैरे करणार नाही.

मी शैलजा सुतार. वय सत्तेचाळीस. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत एकवीस वर्षं नोकरी केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलानं तसं बजावलंय. माझं काम साचा ठरवायचं. लोखंडाचा रस साच्यात कुठून शिरेल, आधी कुठं गार होईल, गार होताना आक्रसेल तेव्हा त्याला जादा रस कुठून मिळेल, हे सगळं आधी डोक्यात बघावं लागतं. चुकलं की दोन टनांच्या वस्तूला आतून भेग पडते आणि सगळं भंगारात जातं.

आता वाळूचे साचे हातानं करत नाहीत, प्रिंटर छापतो. मांडणीही संगणक तपासतो, दोन मिनिटांत दहा हजार. पण त्या दहा हजार मांडण्या आधी कुणीतरी केलेल्या कामांच्याच भावकीतल्या असतात. जी वस्तू आजवर कुणी ओतलीच नाही, तिथं संगणक पुन्हा पुन्हा त्याच दारांवर टकटक करत बसतो. तिथं अजून माणूस लागतो. आमच्या विभागात अशी आम्ही चौदा माणसं होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्हा चौदा जणांच्या डोक्याला पट्टा आला. नाव 'स्फुरण'. केसांत लपेल एवढा बारीक, आतून सोळा चकत्या. तो घेऊन आल्या डॉक्टर ऋजुता पाटणकर, मेंदूच्या शास्त्रज्ञ. बाई हसतमुख, बोलणं गोड, आणि सगळ्यांना पहिल्या दिवशीच ताई-दादा.

"ताई, एखादी युक्ती सुचते ना, ती तुम्हाला कळायच्या आधी तुमच्या मेंदूला कळलेली असते," त्या म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांनी समजावलं छान. कोडं घेऊन माणूस आधी झगडतो. सरळ वाटा संपतात आणि तो अडतो, कंटाळतो, दुसरंच काहीतरी करायला लागतो. पण कोडं सुटलेलं नसतं, ते मेंदूच्या मागच्या खोलीत गेलेलं असतं. तिथं एरवी एकमेकींशी संबंध नसलेल्या आठवणी सैल होऊन फिरत असतात. दोन लांबच्या आठवणी एकमेकींना भिडल्या आणि कोड्याला बसल्या, की उत्तर वर येतं. ते येण्याआधी क्षण-दोन क्षण डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं डोळ्यांनी बघितलेलं पोचतं, तिथलं काम मंदावतं. जणू मेंदू आतलं बघायला बाहेरचे डोळे मिटतो. मग उजव्या कानाच्या वर एक वेगवान लहर उसळते. आणि आपण म्हणतो, अरेच्चा!

पट्टा ती लहर पकडायचा. काय सुचलं ते त्याला कळत नसे, सुचलं एवढंच कळे. लगेच कानाशी बीप व्हायचं आणि यंत्रातल्या बाईचा आवाज म्हणायचा, "स्फुरण नोंदवा." आपण बोलायचं. बोललेलं कंपनीचं. आणि युक्त्या ऑफिसात कमी, मोरीत आणि चुलीपुढं जास्त सुचतात म्हणून पट्टा घरीही घालायचा. आम्ही सह्या केल्या. मीही केली. पगार वाढला होता आणि मला वाटलं, माझ्या डोक्यातलं तसंही मी कंपनीलाच देत होते.

आता आप्पांचं सांगते.

आप्पा म्हणजे माझे वडील, बाळकृष्ण सुतार. सगळे बाळकू मिस्त्री म्हणत. साचे छापले जायच्या आधी ते सागवानाच्या लाकडात घडवलेल्या नमुन्यावरून निघायचे, आणि कोल्हापुरातल्या निम्म्या फाउंड्रींचे नमुने आप्पांच्या हातचे असत. मी शिकले ते त्यांच्याकडून. त्यांनी मला कधी काही सांगितलं मात्र नाही. मी आठ वर्षांची असताना अर्धा नमुना माझ्यापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तुला न्हाई जमायचं शैले. तू आपली भाकरी थापायला शिक." आणि कोपऱ्यावर चहाला निघून जायचे. मी रागानं लाल. रडायचे, पटाशी आपटायचे, आणि कधीतरी रडणं थांबल्यावर ते लाकूड उलटं धरून बघायचे, की लगेच समजायचं.

आप्पा परत यायचे. नमुन्यावरून अंगठा फिरवायचे. खिशातून गुळाचा खडा काढायचे, माझ्या तळहातावर ठेवायचे आणि अंगठ्यानं दाबायचे. त्यांना त्यांच्या उस्तादानं असंच शिकवलं होतं. डिवचायचं, निघून जायचं, परत यायचं.

आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. माझ्याजवळच राहतात. मी मोठी झाले, मॅडम झाले, तरी एखादं अवघड काम सुटलं आणि घरी येऊन सांगितलं की खडा मिळायचाच. त्यांना स्वतःला साखरेचा आजार, पण खिशात गूळ माझ्यासाठी.

गेल्या वर्षी हे बंद झालं. वर्षभरात मी अकरा कामं सोडवली. विभागात इतकी कुणाची नव्हती. घरी येऊन सांगायची, तर आप्पा भिंतीकडं बघत बसायचे. हात खिशाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. मला वाटलं, वय झालं.

आणि सकाळ झाली की तोंड सुरू. मी चहाचा कप हातात घेतला रे घेतला की, "छापील साचं! लाकडाला हात लावल्याबिगर काय कळतंय तुमाला?" कधी, "तुझी आई शाळेत गेली न्हवती, पण तिला तुझ्यापेक्षा जास्त कळत हुतं." मी उलट बोलायची, भांडी आपटायची, घराबाहेर पडायची तेव्हा कानशिलं उडत असायची. एक दिवस म्हणाले, "नवरा का गेला, समजलं का तुला अजून?"

माझ्या बापानं मला कधी हे विचारलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशी त्यांनी फक्त दाराची कडी दुरुस्त केली होती, रात्री नीट लागावी म्हणून. तो माणूस मला हे विचारतो? त्या दिवशी मी जे बोलले ते लिहीत नाही.

त्यात मुंग्या. त्यांच्या धुवायच्या शर्टांना मुंग्या लागायला लागल्या. खिशापर्यंत रांग. म्हटलं, हा माणूस चोरून गोड खातोय. "साखर तीनशेवर गेलीया आप्पा! काय खाताय लपवून? मरायचंय का?" त्यांनी नुसता खिसा झटकला.

शेवटी मी धाकट्या भावाला, हेमंतला फोन केला. तो चाकणला राहतो, एकोणिसाव्या मजल्यावर. रविवारी आप्पांना घेऊन जा म्हटलं. आप्पा कोल्हापूर सोडून आठवडाभर कधी राहिलेले नाहीत. तिथं ते फार काळ टिकणार नाहीत हे हेमंतला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी मी बॅग बाहेर काढून ठेवली.

शुक्रवारी सकाळी आप्पा आंघोळीला गेले होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यासाठीचं कानातलं यंत्र टेबलावर शिट्टी मारत होतं. यंत्र कंपनीनंच दिलेलं, कर्मचारी कुटुंब कल्याण योजनेतून. मी स्वतः आभाराचं पत्र लिहिलं होतं. बिघडलं की काय म्हणून उचललं आणि कानाला लावून बघितलं.

तोच आवाज. स्फुरणवाल्या बाईचा.

"बाळकृष्णजी, शैलजाताई दहा मिनिटांत निघतील. आज अजून एकही विषय झालेला नाही. सुचवलेला विषय, जावई. दुसरा पर्याय, जुनं लाकडी काम. त्या कप हातात घेतील तेव्हा सुरू करा."

कप माझ्या हातातच होता.

मोरीच्या दारावर थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतला. त्या घडीला मी आप्पांना जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं. यंत्र मुठीत धरलं, गाडी काढली आणि थेट कंपनी गाठली. पट्टा डोक्यावरच होता. काढायचं सुचलंच नाही. बघा, युक्त्या विकून पोट भरणारी बाई मी!

डॉक्टर पाटणकर त्यांच्या खोलीत संत्रं सोलत होत्या. मी यंत्र त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हे काय आहे?"

त्या दचकल्या नाहीत, हे मला आजही सहन होत नाही. "बसा ना ताई," म्हणाल्या. "हे तुम्हाला कधीतरी सांगायचंच होतं."

"मी बसायला आलेली नाही."

"बरं. हे बघा, पट्ट्यानं वर्षभर माहिती गोळा केली, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाच्या डोक्याला एक किल्ली असते. कुणाला लांब चालल्यावर सुचतं, कुणाला पेंगताना. तुमची किल्ली राग आहे. संताप चढतो तेव्हा मेंदू सगळं लक्ष एका ठिकाणी आवळून धरतो. तो उतरायला लागला की पकड सुटते, आणि घट्ट आवळलेली मूठ सोडल्यावर बोटं फाकतात तसं तुमचं मन चहूकडं फाकतं. इतर कुणाहीपेक्षा जास्त. राग टिपेला पोचल्यापासून सरासरी अडतीस मिनिटांनी तुम्हाला सुचतं. फार सुंदर आलेख आहे तुमचा!"

"आणि माझ्या बापाला तुम्ही..."

"जबरदस्ती नाही केली. मी पेढे घेऊन घरी गेले होते, तुम्ही कामावर होता. विचारलं, आप्पा, शैलजाताईंना तुम्ही शिकवलंत कसं? किती खुलले ते! तीन तास बोलले. म्हणाले, पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

हे ऐकून मी पहिल्यांदा खुर्चीचा आधार घेतला. कारण ते खरं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

"पद्धत त्यांचीच आहे," बाई पुढं बोलत होत्या. "आम्ही फक्त वेळापत्रक लावलं. लेखी संमती आहे त्यांची." आणि त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. वर माझं नाव. खाली विषयांची यादी, आई, छापील साचे, नवरा, आणि प्रत्येकापुढं रागाचा आकडा. नवऱ्यापुढचा आकडा सगळ्यात मोठा. आणि शेवटी एक ओळ. 'काम सुटल्यावर शाबासकी किंवा बक्षीस देऊ नये. समाधान झालेला मेंदू शोध थांबवतो.'

"हे काय?"

"ते गुळाचं काहीतरी करायचे ना ते? गोड आहे, पण तुमच्या आलेखाला मारक. आम्ही थांबवायला सांगितलं."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बोटं दाखवून बोलले, टेबलावर हात आपटून बोलले. संत्र्याच्या फोडी खाली पडल्या. आणि बोलता बोलता दिसलं की बाई माझ्याकडं बघतच नाहीत. त्या पडद्याकडं बघत होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "इतका उंच आकडा आम्ही कधी पाहिला नाही. बारा नंबरचं केसिंग तीन महिने अडलंय ना? आता नऊ दहा झालेत. नऊ अठ्ठेचाळीसला ते सुटणार. तुम्ही काही करायची गरज नाही."

म्हणजे मी संतापले तरी त्यांचा फायदा. ओरडले, फायदा. तिथं मी तिचा गळा धरला असता तरी अडतीस मिनिटांनी कंपनीला केसिंग मिळालं असतं. माझा स्वतःचा राग, जो मला आईच्या दुधातून मिळाला असं सगळे म्हणतात, तो या लोकांनी माझ्याच घरातून नळ लावून काढला होता. आणि नळाची तोटी फिरवायला माझा बाप ठेवला होता!

बाहेर पडताना मी कँटीनमध्ये शिरले. आमच्या विभागातले बाकीचे नाष्टा करत होते. "कंपनीनं तुमच्या घरच्यांना काय काय भेट दिलंय ते एकदा कानाला लावून बघा," म्हटलं. रियाझभाईंचा घास हातातच राहिला. त्यांच्या बायकोला नवं घड्याळ मिळालं होतं.

गाडीवर बसले. पट्टा उपटून फेकावा म्हणून हात वर गेला. पण मग मला जिद्द चढली. म्हटलं, येऊ दे. बारा नंबरचं उत्तर येऊ दे, आणि मी ते गिळून टाकते. बघू कसं काढतात. मी केसिंगचा, त्या यंत्राच्या लोखंडी कवचाचा, विचार करायचा नाही असं ठरवलं. म्हणजे अर्थात केसिंगचाच विचार करत राहिले. जाड भिंत, पातळ मान, मानेपाशी भेग. मग सिग्नल लागला, मग एक म्हैस आडवी आली, आणि मग मी कशाचाच विचार करत नव्हते.

पंचगंगेच्या पुलावर होते. रागाचा भर ओसरत होता आणि अंग नुसतं थकलं होतं. समोरच्या मोटारसायकलवर मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला. एवढंच. आणि एकाएकी समोरचा पूल दिसेनासा झाला. आप्पांचा खिशाकडं जाणारा हात. रिकामा परत येणारा हात. शर्टाच्या खिशापर्यंत लागलेली मुंग्यांची रांग. अकरा कामं.

ते चोरून काही खात नव्हते. प्रत्येक वेळी त्यांनी खडा आणला होता. प्रत्येक वेळी खिशात ठेवून माझी वाट बघत बसले होते, आणि प्रत्येक वेळी कानातल्या बाईनं नको म्हणून सांगितलं होतं.

बीप झालं. घड्याळात नऊ सत्तेचाळीस.

"अभिनंदन, शैलजाताई! स्फुरण नोंदवा."

मी गाडी पुलाच्या कडेला घेतली.

"शैलजाताई, बारा नंबर केसिंगचं उत्तर नोंदवा."

"मुंग्या," मी म्हणाले.

"कृपया पुन्हा सांगा."

"मुंग्या! मुंग्या, मुंग्या!" मी इतक्या जोरात ओरडले की बाजूनं जाणारा टेम्पोवाला थांबून बघायला लागला.

"नोंद झाली. धन्यवाद."

पुढचं आधी सांगून टाकते. नोकरी गेली. पट्टा मी पाकिटात घालून परत पाठवला. कंपनीनं नोटीस पाठवली, आम्ही नऊ जणांनी मिळून उलट केस घातलीय, ती चालेल तेव्हा चालेल. बारा नंबरचं केसिंग अजून अडलेलंच आहे असं ऐकते. 'मुंग्या' या शब्दाचा लोखंडाच्या रसाशी काय संबंध, यावर त्यांच्या तीन इंजिनियरांनी दोन आठवडे डोकं फोडलं म्हणे. फोडू देत. हे यंत्र त्यांनी एवढं बनवलं, आणि मन कुठलं कोडं सोडवायला घेतं ते मनच ठरवतं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या दिवशी घरी पोचले तर आप्पा चाकणची बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. कानात यंत्र नव्हतं, त्यामुळं त्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि मला ओरडूनच बोलावं लागणार होतं. बरंच झालं.

"ती बाई कानात सांगायची आणि तुम्ही बोलायचा?" मी ओरडले.

आप्पांनी मान खाली घातली. "एवढी शिकलेली डॉक्टरीण. म्हणाली, शाबासकी दिली की पोरीचं डोकं झोपतंय. म्हटलं, माझ्यापायी तुझं नुकसान नको."

"आणि नवऱ्याचं काढलंसा ते?"

"ते मला नको हुतं शैले. न्हाई म्हटलं की कानात तीनतीनदा सांगायची. एकदाच बोललो. त्या दिवसापास्नं झोप न्हाई."

"मी माफ केलेलं न्हाई तुम्हाला!"

"काय?"

"माफ केलेलं न्हाई म्हटलं!"

"नको करू," आप्पा म्हणाले. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या होत्या, त्यांच्याकडं मी असं बघितलं की त्या आत गेल्या.

मी बॅग त्यांच्या मांडीवरून उचलली आणि माळ्यावर फेकली. मग त्यांच्यापुढं उभी राहिले आणि तळहात पुढं केला. काही बोलले नाही. बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

आप्पांनी त्या हाताकडं बघितलं. मग खिशात हात घातला. खडा घामानं मऊ झालेला, खिशातला दोरा चिकटलेला. त्यांनी मुंग्या झटकल्या, दोरा काढला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला.

मी खडा तोंडात टाकला. एक मुंगी राहिली होती, ती जिभेला कडकडून चावली. मी आप्पांना अशा काही शिव्या घातल्या की वहिनी पुन्हा खिडकीत आल्या, आणि आप्पा काहीच ऐकू न आल्यामुळं माझ्याकडं बघून मान डोलावत राहिले.